उपनगरातलं मोठं किराणा दुकान : पाच महिन्यांची बिलं आणि सौ.ची वही

दुकानाचं नाव लिहीत नाही. सांगलीत आमच्या बाजूला राहणाऱ्यांना ते सांगावं लागणार नाही, आणि बाकीच्यांच्या गावात तसलं एक असेलच. दुमजली, काचेचं, आत गारवा, बाहेर दुचाक्यांची रांग, दारात पिशव्या सील करणारा वॉचमन. तारे शेवटी देतो. त्याआधी मी कोण हे सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं म्हाताऱ्याची किरकिर वाटेल.

मी एसटीच्या भांडारात तेहतीस वर्षं काढली. ब्रेक लायनर, बेअरिंगं, पाटे, फॅनबेल्ट. प्रत्येक वस्तूला बिन कार्ड, त्यावर आवक, जावक, शिल्लक. एक नट कमी भरला तरी ऑडिटरला उत्तर द्यावं लागायचं. 2019 ला निवृत्त झालो. पण घरच्या भांडारात मी कधी पाय ठेवला नव्हता. एक तारखेला सौ.च्या हातात पैसे द्यायचे आणि वीस तारखेला "संपले? एवढ्यात?" असं विचारायचं, एवढाच माझा किराण्याशी संबंध.

यंदा जूनच्या शेवटी तिचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी जिने बंद, वजन उचलणं बंद, रिक्षातनं हिंडणं बंद असं सांगितलं. त्यामुळं जुलैपासून किराणा माझ्याकडं आला. हे परीक्षण जुलै ते नोव्हेंबर 2025 या पाच महिन्यांचं आहे.

अजून एक आकडा सांगतो, लाजायचं कारण नाही. कर्मचारी पेन्शन योजना 1995 खाली मला महिन्याला 3,140 रुपये मिळतात. निवृत्त झालो तेव्हा तेवढेच होते, आजही तेवढेच आहेत. या पेन्शनीला महागाई भत्ता जोडलेला नाही. बाकी घर फंडाच्या व्याजावर आणि मुलगा पाठवतो त्यावर चालतं.

तर जुलैची पहिली फेरी. सौ.नं पलंगावर बसून यादी सांगितली, मी कॅलेंडरच्या पानामागं लिहून घेतली. बावीस वस्तू. ती म्हणाली, "अठ्ठावीसशेत बसवा." मी म्हणालो, पंचवीसशेत बसवून दाखवतो. ती काही बोलली नाही, भिंतीकडं बघून हसली.

बिल झालं 4,386.

काउंटरवरच्या पोरीला मी दोनदा विचारलं, हे आमचंच का? घरी येऊन पेन घेऊन बसलो. बावीस वस्तूंचे 3,174. उरलेले 1,212 रुपये यादीत नसलेल्या नऊ वस्तूंचे. त्यात भांडी घासायचं द्रव साबण, एकावर एक फुकट. नाश्त्याचे कुरकुरीत पोहे, जे दोघांनाही चावत नाहीत. आणि एक प्लास्टिकचा डबा, झाकणासकट 149 रुपये, का घेतला ते अजून कळलेलं नाही. आयुष्यभर मागणीपत्राशिवाय एक स्क्रू कुणाला दिला नाही मी!

तेव्हापासून त्या दुकानात जाताना मी भांडारपालाच्या डोळ्यांनी बघायला लागलो. आमच्या भांडारात जो माल रोज लागतो तो दाराशी आणि जो वर्षातनं एकदा लागतो तो आतल्या कपाटात, अशी मांडणी असायची. मेकॅनिकचा वेळ वाचावा म्हणून. इथं बरोबर उलटं आहे. डाळ, साखर, तेल, मीठ सगळं शेवटच्या भिंतीला. तिथं पोचायला चॉकलेटं, बिस्किटं, बादल्या, उशा आणि मुलांच्या चड्ड्या ओलांडाव्या लागतात. म्हणजे मेकॅनिकला ब्रेक लायनर पाहिजे असेल तर आधी त्यानं सगळं भांडार हिंडून यायचं. ज्यानं ही मांडणी केली तो माझ्यापेक्षा हुशार भांडारपाल आहे हे मान्य.

एका गोष्टीला मात्र पूर्ण गुण. जुन्या तारखेचा माल पुढं आणि नव्या तारखेचा मागं, हा नियम ते पाळतात. आधी आलेला माल आधी जावा हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं. सौ.ला हे कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणूनच मी नेहमी हात घालून मागचं पाकीट काढते." तेहतीस वर्षं मी ज्या नियमाची राखण केली तो नियम ही बाई रोज मोडत होती.

आता भावांकडं येतो. प्रत्येक पाकिटावर छापील किंमत आणि खाली मोठ्या अक्षरात "आमची किंमत". छापील किंमत 210, आमची 149. आपल्याला वाटतं एकसष्ट वाचले. पण 210 ला ती वस्तू सांगलीत कुणी विकत नाही. छापील किंमत म्हणजे याच्यावर घेता येणार नाही एवढंच; ती कंपनी स्वतःच ठरवते आणि कितीही चढी छापू शकते. बिलाच्या तळाला तर ठळक ओळ असते, "आज आपण 874 रुपयांची बचत केली". माझ्या शिल्लकपत्रकात मी असली बचत लिहिली असती तर ऑडिटरनं आक्षेपाचा पॅरा काढून निवृत्तीचे पैसे अडकवले असते.

तेलाचं सांगतो, कारण तेलात माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं. रॅकवर सोयाबीन तेलाच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी. दिसायला सारख्या, फुगलेल्या सारख्या. एक 142 ला, दुसरी 134 ला. कुणीही 134 ची उचलेल, मीही उचलली होती. ऑगस्टमध्ये भिंग घेऊन गेलो. हसू नका, स्टेशनरीच्या दुकानात साठ रुपयांना मिळतं, आणि या पाच महिन्यांत माझी तेवढी एकच खरेदी वसूल झाली. 142 च्या पिशवीवर एक लिटर, 910 ग्रॅम. 134 च्या पिशवीवर लिटरचं नावच नाही, 840 ग्रॅम. 100 ग्रॅमला पहिली पडते 15.60 आणि दुसरी 15.95. म्हणजे स्वस्त दिसणारी महाग. पूर्वी तेल, बिस्किटं, चहा, साबण असल्या वस्तू ठरावीक मापाच्याच पाकिटात विकाव्या लागायच्या. ते बंधन 2022 मध्ये काढलं. त्याऐवजी एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती पडतात ते छापायचा नियम आला. छापतात, नाही असं नाही. पण ज्या आकारात छापतात त्या आकारात आम्ही बेअरिंगवरचे नंबर वाचायचो, तेही टॉर्च लावून.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं तर बोलायलाच नको. किंमत तीच, रंग तोच, पुडा मात्र दरवर्षी दाढी केल्यासारखा बारीक होत चाललाय. नातू सुट्टीला आला की म्हणतो, आजोबा, दोन पुडे द्या. त्याला एकात भागत नाही म्हणून आम्ही त्याला खादाड म्हणतो.

तेल का वाढलं हे मला आमच्या साडूनं समजावलं. तो पलूसकडं शेती करतो, ऊस आणि थोडं सोयाबीन. 2025 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल होता. त्याला दिवाळीत बाजारात मिळाले 4,150. मी म्हणालो, अरे, तुझं सोयाबीन स्वस्त आणि माझं तेल महाग, मधले कुठं गेले? तो म्हणाला, "भाऊ, सोयाबीनमधी तेल जेमतेम अठरा टक्के. बाकी पेंड. पेंडीला भाव असला तर मला भाव." आणि पेंडीला भाव नाही, कारण मक्यापासनं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो कोंबडीखाद्यवाल्यांना स्वस्तात मिळायला लागलाय. तेलाचं गणित वेगळं. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरच्या देशातनं येतं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरनं 20 टक्के केलं, शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. मे 2025 च्या अखेरीला ते 10 टक्क्यांवर आणलं, गिऱ्हाइकाला दिलासा मिळावा म्हणून. साडूला भाव मिळालेला नाही आणि मला दिलासा. दिवाळीला दोघं एका ताटावर बसून चकल्या खात होतो, त्याच तेलातल्या.

सप्टेंबरात मी एक प्रयोग केला. चौदा वस्तूंची एकच यादी घेऊन एका दिवशी मोठ्या दुकानात आणि दुसऱ्या दिवशी गणपती पेठेत गेलो. पेठेतलं आमचं दुकान सौ.चं, तिच्या सासूपासनं चालत आलेलं. म्हणजे माझ्या आईपासनं. मी गल्ल्याजवळ उभा राहिलो तर शेठ म्हणाले, "काय साहेब, वाट चुकला? वहिनी न्हाईत व्हय?" गुडघ्याचं सांगितलं. त्यांनी पोराला खुर्ची आणायला लावली, चहा सांगितला आणि मग तूरडाळीचा भाव सांगितला, 112. मोठ्या दुकानात लेबलवर 112 होतं आणि बिलात 118 लागलं होतं. तिथल्या पोराला दाखवलं तर म्हणाला, "काका, ऑफर काल संपली, लेबल बदलायचं राहिलं." सहा रुपये परत दिले, कटकट केली नाही. पण मागच्या बाईच्या ट्रॉलीत तीच डाळ होती आणि तिला कुणी सहा रुपये दिले नाहीत. मीही तिला सांगितलं नाही. रांग मोठी होती.

त्या 118 रुपयांत पाच रुपये बासष्ट पैसे जीएसटी आहे हे मला शेठनी शिकवलं. 18 जुलै 2022 पासनं डाळ, तांदूळ, पीठ, पोहे पाकीटबंद आणि लेबल लावलेले असले तर 5 टक्के कर, सुटे घेतले तर काही नाही. पाकीट 25 किलोपर्यंतचं असलं तरच. म्हणून पेठेत तांदळाचं 26 किलोचं पोतं मिळतं. पोत्यावर 26 बघून मला वाटलं होतं छापखान्यानं चूक केली.

तेलाच्या डब्याचंही असंच. दुकानात 2,090 ला डबा, पेठेत 2,190 ला. मी शंभर रुपयांसाठी शेठशी हुज्जत घालायच्या तयारीत होतो. त्यांनी डबा फिरवून दाखवला. त्यांचा पंधरा किलोचा, दुकानातला पंधरा लिटरचा. पंधरा लिटर तेलाचं वजन साडेतेरा किलोच्या थोडंसंच वर. किलोला दुकानातलं 153 पडतं आणि पेठेतलं 146. आता डबा पेठेतनं आणतो, निम्मा बहिणीकडं देतो.

आणि हळद. सांगलीत राहून हळदीचं पाकीट घ्यायची वेळ यावी! 2018 ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत सगळ्या देशात नावाजलेली, रोज सौदे निघतात. आणि मोठ्या दुकानात 100 ग्रॅमची पुडी 42 रुपयांना, भलत्याच राज्यात भरलेली. पेठेत दळलेली सुटी 240 रुपये किलो. या एका वस्तूसाठी दुकानाचा अर्धा तारा कापतोय आणि त्यावर कुणाचंही काही ऐकून घेणार नाही.

एवढं करून चौदा वस्तूंत फरक किती? दुकानात 2,214, पेठेत 2,131. त्र्याऐंशी रुपये. स्कूटरचं पेट्रोल वजा केलं तर साठेक. माझा विरसच झाला. मला वाटलं होतं पाचशेचा तरी घोटाळा उघड करीन.

पेठेची बाजूही खरी सांगतो. भाव कुठं लिहिलेला नसतो, माणूस बघून सांगतात की काय अशी शंका येते. माझ्याआधी एकाला पोहे बावन्न सांगितले, मला पन्नास. काटा गल्ल्याच्या पलीकडं, आकडा आपल्याला दिसायला मान वाकडी करावी लागते. शेंगदाण्यात खडा निघाला. गाडी लावायला जागा नाही, आणि पावसाळ्यात त्या रस्त्यानं जाणं म्हणजे शिक्षा. मोठ्या दुकानात उतरता रस्ता आहे, बसायला बाक आहे, पिठात किडे निघाले तर बिल दाखवून दोन मिनिटांत बदलून मिळालं. तिथं भिंग घेऊन अर्धा तास उभा राहिलो तरी कुणी हटकलं नाही. एका पोरानं तर वरच्या रॅकवरची पाकिटं काढून हातात दिली, वाचा म्हणाला. मुलगा पुण्याहून म्हणतो, "बाबा, कशाला हिंडता, मोबाइलवर मागवा, दहा मिनिटांत येतं." दहा मिनिटांत आणायची मला घाई कशाची आहे? निवृत्त माणसाकडं वेळ तेवढाच स्वस्त.

ऑक्टोबरच्या आसपास सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं, आता स्वस्ताई आली म्हणून. 22 सप्टेंबरला जीएसटीचे दर उतरले. खरं आहे, तूप, लोणी, फरसाण 12 वरनं 5 टक्क्यांवर, अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं 18 वरनं 5 वर. दुकानानं पताका लावल्या. मी यादी काढली. माझ्या एकतीस वस्तूंपैकी नऊ उतरल्या. तेल, साखर, चहा, मसाले आधीही 5 टक्क्यांतच होते, तिथंच राहिले. सुट्या डाळीला करच नव्हता, तो उतरणार कुठनं? आमच्या घरी आंघोळ स्वस्त झाली, जेवण आहे तिथंच.

मग नोव्हेंबरात पेपरात आलं, ऑक्टोबरचा किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के. खाण्याच्या वस्तूंचा तर उणे 5.02. मी पेपर घेऊन सौ.कडं गेलो. म्हटलं, बघ, सरकार म्हणतंय महागाई नाही. तिनं चष्मा लावला, वाचलं आणि विचारलं, "खोबरं किती आणलंत काल?" 340 रुपये किलो. "एप्रिलात चटणीला 230 नं आणलं होतं." मिरची मात्र तेव्हा स्वस्त मिळाली होती, ब्याडगीच्या बाजारात त्याआधीच्या वर्षी मिरचीचे दर कोसळले म्हणून दंगा झाला होता, तेव्हापासनं मिरचीचा दर पडलेलाच होता. कुणाचं तरी पडतं आणि कुणाचं तरी चढतं, सरासरी मात्र झकास येते.

गाडी खात्यातला माणूस म्हणून मला हे असं कळलं. 80 नं चाललेली एसटी 20 वर आली म्हणजे ती मागं गेलेली नसते, पुढंच चाललेली असते, फक्त सावकाश. आणि खाण्याचा दर उणे आला तो गेल्या ऑक्टोबरशी तुलना करून. त्या ऑक्टोबरात, 2024 मध्ये, तो जवळजवळ 11 टक्के चढलेला होता. कांदा, टोमॅटो, डाळी उतरल्या हे खरंच आहे, मी आणतो ना. गेल्या वर्षी 170 ला आणलेली तूर आज 112 ला मिळते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 112 ला स्वस्त म्हणायची सवय मला कुणी लावली?

त्याचं उत्तर वहीत सापडलं. इथं दुकानाचं परीक्षण थोडं बाजूला राहतं, पण त्याशिवाय तारे देता येणार नाहीत.

मोठ्या दुकानाची बिलं त्या गुळगुळीत कागदावर असतात. जुलैचं बिल नोव्हेंबरात काढलं तर जवळजवळ कोरं. अक्षरं उडालेली. मी वैतागून म्हणालो, आता मागचे भाव कशाशी ताडायचे? सौ. म्हणाली, देवघराखालच्या कपाटात बघा. तिथं चार वह्या, दोनशे पानी, शाळेच्या. 2014 पासनंच्या. तारीख, जिन्नस, वजन, दर. निळ्या शाईत. माझ्या घरात अकरा वर्षं बिन कार्ड चालू होतं आणि मला पत्ता नव्हता.

दोन रात्री वाचत बसलो. सोयाबीन तेल ऑगस्ट 2014 मध्ये 84. ऑगस्ट 2019 चं पान कोरं, तेव्हा पेठच पुराच्या पाण्यात होती. मे 2021 मध्ये 158. एप्रिल 2022 मध्ये 172. तेव्हा युक्रेनचं युद्ध सुरू झालेलं आणि इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं बंद केलं होतं, हे मला टीव्हीवरनं माहीत होतं. त्यावर मी कट्ट्यावर तासभर बोललोही असेन. वहीत त्या ओळीपुढं तिनं फक्त लिहिलंय, "5 ऐवजी 3½."

दीड लिटर तेल. दर महिन्याला. मी ते खाल्लं नाही आणि मला कळलंही नाही. कळलं नाही असं कसं म्हणू, मला आठवतं, त्या वर्षी पुऱ्या बंद झाल्या होत्या आणि भाजी कोरडी लागायची. मी एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, हल्ली हिच्या हाताची चव गेली.

2015 च्या ऑक्टोबरात तुरीपुढं 200 आणि शेजारी "मूग". पुढचे चार महिने तूर नाहीच, मूग, मसूर, एकदा कुळीथ. फेब्रुवारी 2024 ला लसूण 400, समोर "फोडणीत नको, चटणीत दोन पाकळ्या". जुलै 2023 ला टोमॅटो 140, समोर "आमसूल". सरकारच्या तेव्हाच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन 45.86 टक्के धरलेलं होतं आणि ती टोपली, म्हणजे कुठल्या वस्तू किती मोजायच्या ती यादी, 2011-12 च्या पाहणीवरनं ठरवलेली होती. हिची टोपली दर महिन्याला नव्यानं ठरते. टोपलीची किंमत पाचशेनं वाढते तेव्हा ही टोपलीतनं पाचशेचं काढून ठेवते आणि मला येऊन सांगत नाही. मग मी वीस तारखेला विचारतो, संपले? एवढ्यात?

म्हणून सांगतो, मोठ्या दुकानात माझं जे नुकसान झालं ते भावानं कमी आणि मी तिथं हिची वही न घेता गेलो म्हणून जास्त. यादीबाहेरची खरेदी महिन्यागणिक लिहून काढली आहे: जुलै 1,212, ऑगस्ट 870, सप्टेंबर 455, ऑक्टोबर 1,540 (दिवाळी होती, पण तरीही), नोव्हेंबर 90. एकूण 4,167. माझ्या एका महिन्याच्या पेन्शनीपेक्षा हजार रुपये जास्त. नोव्हेंबरचे 90 कशाचे ते विचारू नका, नातवाचा पतंग होता.

जाणाऱ्यांसाठी सांगायचं तर पोटभर जेवून आणि ट्रॉली न घेता जा. हातात टोपली घ्या, ती जड होते आणि आपोआप थांबायला होतं. साबण, टूथपेस्ट, फिनेल, चहा इथनं घ्या, ते पेठेपेक्षा खरंच स्वस्त पडतं. डाळी, हळद, तेलाचा डबा, पोहे सुट्या मालाच्या दुकानातनं. रॅकवरच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, काउंटरवर उपयोगी पडतो. बिलाचा पण काढा, कागदावर विसंबू नका. रविवारी संध्याकाळी जाऊ नका. आणि भिंग.

तारे मी पाचपैकी तीन ठरवले होते. स्वच्छता, माल बदलून देणं आणि भिंगवाल्या म्हाताऱ्याला सहन करणं, यांचे तीन. लेबल आणि बिलातल्या फरकाचा एक कापला, हळदीचा अर्धा, मांडणीतल्या हुशारीचा अर्धा.

हे लिहून झाल्यावर सौ.ला वाचून दाखवलं. ती आता काठी घेऊन घरातल्या घरात चालते, डिसेंबरात पेठेत यायचं म्हणतेय. वहीचा भाग आला तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली, तिथनंच ऐकत होती. तारे सांगितले तर आतनं आवाज आला, "अडीच लिहा. कापडी पिशवीचे बारा रुपये घेतात, ते तुम्ही सोडलेत."

अडीच.